रेल्वेच्या टाइमटेबलपासून गॅजेट बनवणारे जगदीशचंद्र बोस, आणि भाषणाच्या तोंडावर नाकारलेलं पेटंट

तारीख 10 मे 1901. लंडनची रॉयल इन्स्टिट्यूशन. शुक्रवार संध्याकाळचं भाषण म्हणजे इथली मोठी परंपरा. मायकेल फॅरेडे यांनी 1820 च्या दशकात ती सुरू केली. आजच्या भाषेत सांगायचं तर हे त्या काळचं टेड टॉकच, फक्त स्लाइड्सच्या जागी टेबलावर खरेखुरे प्रयोग. बोलायला एक तास. तेवढ्यात लंडनच्या भल्याभल्यांसमोर यंत्रं चालवून दाखवायची.

त्या दिवशी बोलणार होते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजचे प्राध्यापक जगदीशचंद्र बोस. तयारी सुरू होती आणि तेवढ्यात एका नामांकित टेलिग्राफ कंपनीच्या कोट्यधीश मालकाची तार आली. तातडीने भेटायचंय. बोस यांनी वेळ नाही म्हणून कळवलं. तर हे गृहस्थ स्वतःच हजर झाले आणि येताना पेटंटचा फॉर्म हातात घेऊनच आले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. आजच्या भाषणात सगळं उघड करू नका. यात पैसा आहे. पेटंट मी काढतो, भांडवल मी घालतो, नफ्यातला अर्धा वाटा तुमचा.

बोस यांनी नकार दिला आणि ते भाषणाला उभे राहिले.

ही गोष्ट आपल्याला कळते ती बोस यांनी आठवड्याभराने रवींद्रनाथ टागोरांना लिहिलेल्या पत्रातून. दोघं जिवलग मित्र. एवढा श्रीमंत माणूस आणखी थोड्या पैशासाठी भिकाऱ्यासारखा दारात आला, याचं बोस यांना वाईट वाटलं होतं. या चक्रात एकदा पाय अडकला की सुटका नाही, अशी भीतीही होती.

आता तुम्ही व्हॉट्सअॅपवर तो फॉरवर्ड नक्की वाचला असेल. रेडिओ बोस यांनी शोधला, मार्कोनीने चोरला, नोबेल पळवलं. तो वाचून आपली छाती फुगते आणि रागही येतो. पण खरी गोष्ट या फॉरवर्डपेक्षा जास्त गुंतागुंतीची आहे. आणि माझ्या मते जास्त भारी.

कारखान्यात रमणारा पोरगा

जगदीशचंद्र यांचा जन्म 30 नोव्हेंबर 1858 चा, आजच्या बांगलादेशातल्या भागात. वडील भगवानचंद्र ब्रिटिश सरकारात डेप्युटी मॅजिस्ट्रेट. पण साहेबांच्या नोकरीत असूनही त्यांनी मुलाला आधी इंग्रजी शाळेत न घालता बंगाली शाळेत घातलं. तिथं त्याच्या शेजारी शेतकऱ्यांची आणि कोळ्यांची पोरं बसायची.

वडील पुढे वर्धमानला असताना तिथं तापाची मोठी साथ आली. साथीत अनाथ झालेल्या मुलांसाठी त्यांनी कामाच्या शाळा काढल्या. सुतारकाम, ओतकाम वगैरे. जगदीश सुट्टीत तिथंच पडून असायचा. तिथल्या कारागिरांच्या मदतीने त्याने एक छोटी पितळी तोफ तयार करून घेतली होती. पुढे जगाला थक्क करणारी यंत्रं या माणसाने कलकत्त्यातल्या साध्या मिस्त्रींकडून करून घेतली, त्याची सवय ही अशी लागली.

कलकत्त्याच्या सेंट झेवियर्समधून पदवी घेतल्यावर 1880 मध्ये ते डॉक्टर व्हायला लंडनला गेले. पण ताप पाठ सोडेना, आणि शवविच्छेदनाच्या खोलीतल्या वासाने तब्येत आणखी बिघडायची. शेवटी वैद्यकीय सोडून ते केंब्रिजच्या क्राइस्ट्स कॉलेजात विज्ञान शिकायला गेले. तिथं शिकवायला होते लॉर्ड रॅले. प्रयोग काटेकोर कसा करायचा हे बोस त्यांच्याकडे शिकले.

1885 मध्ये परत आले आणि प्रेसिडेन्सी कॉलेजात लागले. इथं पहिला दणका बसला. भारतीय प्राध्यापकाला युरोपियनाच्या दोन तृतीयांश पगार, आणि बोस यांची नेमणूक हंगामी म्हणून त्याच्याही निम्मा. म्हणजे हातात एक तृतीयांश. बोस यांनी आरडाओरडा केला नाही, राजीनामाही दिला नाही. ते रोज कॉलेजात जायचे, मन लावून शिकवायचे आणि पगार घ्यायचे नाहीत. तब्बल तीन वर्षं! घरी वडिलांचं कर्ज होतं, त्यात 1887 मध्ये अबला दास यांच्याशी लग्न झालं. पैसे वाचवायला हे जोडपं काही काळ नदीपलीकडच्या चंदननगरला राहिलं. बोस नावेने नदी ओलांडून कामावर यायचे. शेवटी सरकारनेच माघार घेतली आणि पूर्ण पगार मागच्या तारखेपासून दिला. ते पैसे गेले वडिलांच्या कर्जात.

24 चौरस फुटांची लॅब

30 नोव्हेंबर 1894. छत्तिसाव्या वाढदिवशी बोस यांनी ठरवलं, आता उरलेलं आयुष्य संशोधनाला. छत्तीस म्हणजे शास्त्रज्ञासाठी तसा उशीरच. कॉलेजात संशोधनासाठी ना पैसा, ना जागा. बाथरूमला लागून असलेली साधारण 24 चौरस फुटांची खोली मिळाली. मदतीला पत्र्याचं काम करणारा एक कारागीर. लॅब म्हणायची ती एवढीच.

विषय होता अदृश्य विद्युत लहरींचा. जर्मनीच्या हाइनरिश हर्ट्झ यांनी थोड्याच वर्षांपूर्वी या लहरी प्रयोगात पकडल्या होत्या. प्रकाश आणि या लहरी एकाच जातीच्या आहेत, हे त्यांना दाखवायचं होतं. म्हणजे प्रकाशासारख्या त्या परावर्तित व्हायला हव्यात, प्रिझममधून वळायला हव्यात. घोटाळा आकाराचा होता. हर्ट्झ यांच्या लहरी अर्धा मीटरहून लांब, त्यामुळे त्यांना लागणारा डांबराचा प्रिझमही अर्ध्या टनाहून जड! हर्ट्झ 1894 च्या सुरुवातीला अवघ्या 36 व्या वर्षी वारले. इंग्लंडच्या ऑलिव्हर लॉज यांनी त्यांच्या कामावर भाषण दिलं, ते छापून आलं आणि बोस यांच्या हाती पडलं.

बोस यांचं डोकं इथं चाललं. प्रिझम कशाला मोठा करायचा? लहरच छोटी करू. त्यांनी ठिणगी पाडणारं असं यंत्र बनवलं की लहर काही मिलिमीटरवर आली. सगळ्यात छोटी साधारण 5 मिलिमीटर. आजच्या मोजमापात 60 गिगाहर्ट्झच्या आसपास. फाइव्ह-जीच्या चर्चेत तुम्ही मिलिमीटर वेव्ह हा शब्द ऐकला असेल ना? हा माणूस 1895 मध्ये तिथं पोचला होता.

लहर छोटी झाल्यावर सगळा सेटअप टेबलावर मावला. मग लागणारं एकेक सामान त्यांनी आजूबाजूच्या गोष्टींतून उभं केलं. भिंग केलं गंधकाचं. लहर बाहेर सोडायला चौकोनी आणि गोल धातूच्या नळ्या, आणि ती गोळा करायला पुढे पसरट होत जाणारा धातूचा कर्णा. आज इंजिनिअर ज्याला वेव्हगाइड आणि हॉर्न अँटेना म्हणतात, ते हेच.

पण माझी सगळ्यात आवडती वस्तू वेगळीच आहे. लहरींचं ध्रुवीकरण करायचं होतं, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारी लहर तेवढी पुढे जाऊ द्यायची आणि बाकीची अडवायची. त्यासाठी धातूचे पातळ थर जवळजवळ पण एकमेकांना न चिकटता उभे करायला हवेत. बोस यांनी काय केलं, तर ब्रॅडशॉचं रेल्वे टाइमटेबल घेतलं. जाडजूड पुस्तक. पानापानांत कथलाचा वर्ख घातला. झालं उपकरण तयार! काही वर्षांनी दुसऱ्या एका प्रयोगासाठी त्यांनी तागाचे पीळ दिलेले जुडगे वापरले. पीळ उजवीकडे दिला की लहर एका बाजूला वळते, डावीकडे दिला की दुसऱ्या बाजूला. साखरेच्या द्रावणात प्रकाशाचं जे होतं, ते बंगालच्या तागात विद्युत लहरीचं करून दाखवलं. माझा फिजिक्सशी संबंध शाळेतच तुटला, पण हे वाचल्यावर तो उगाच तोडला असं वाटलं.

लहर पकडायचं काय? तेव्हा त्यासाठी काचेच्या नळीत धातूचा कीस भरायचे. लहर आली की कीस चिकटल्यासारखा व्हायचा आणि त्यातून वीज वाहू लागायची. पुढची लहर पकडायची तर नळीला टिचकी मारून कीस पुन्हा मोकळा करायचा. हे यंत्र मूळातच लहरी, त्यात कलकत्त्याची दमट हवा. बोस यांनी कीस काढून टाकला आणि त्या जागी बारीक पोलादी स्प्रिंगा ओळीने बसवल्या. स्क्रू फिरवून दाब हवा तेवढा कमीजास्त करायचा. हे जास्त भरवशाचं निघालं.

मे 1895 मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीत त्यांनी पहिला शोधनिबंध वाचला. याच काळात कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये जाहीर प्रयोग झाला. त्यांचे चरित्रकार सांगतात की लहर बंद खोल्यांच्या भिंतींतून आणि मध्ये उभ्या असलेल्या लेफ्टनंट गव्हर्नरांच्या धिप्पाड देहातून आरपार गेली, आणि 75 फुटांवर घंटा वाजली, बारूद उडाली. गव्हर्नरसाहेबांना काय वाटलं असेल याची कल्पना करा.

पेटी घेऊन लंडनला

1896 मध्ये सरकारने त्यांना इंग्लंडला पाठवलं. सप्टेंबरमध्ये लिव्हरपूलला ब्रिटिश असोसिएशनची सभा होती. बोस यांनी एका छोट्या पेटीत मावणारं आपलं यंत्र मांडलं. समोर लॉर्ड केल्विन यांच्यासारखी माणसं. प्रयोग बघून झाल्यावर वयस्कर केल्विन लंगडत बायकांच्या गॅलरीपर्यंत चढून गेले आणि त्यांनी अबला बोस यांचं अभिनंदन केलं, असा किस्सा आहे.

मग रॉयल इन्स्टिट्यूशनचं बोलावणं आलं. 29 जानेवारी 1897. शुक्रवार. विषय, विद्युत किरणांचं ध्रुवीकरण. इथं एक गोष्ट लक्षात घ्या. अशा भाषणात शंभर गोष्टी बिघडू शकतात. लहर डोळ्याला दिसत नाही. ती आली की नाही हे प्रेक्षकांना कळणार कसं? तर विजेचा प्रवाह मोजणाऱ्या गॅल्व्हॅनोमीटरला आरसा असतो, त्यावरून उडणारा प्रकाशाचा ठिपका सरकताना दिसतो. ठिपका हलला तर तुम्ही जिंकलात, नाही हलला तर सगळ्या लंडनसमोर शोभा. ठिपका हलला.

केल्विन, लिस्टर यांच्यासारख्या दिग्गजांनी मग कलकत्त्यात बोस यांना चांगली प्रयोगशाळा द्यावी म्हणून सरकारकडे शब्द टाकला. सरकारी काम ते. वर्षांमागून वर्षं गेली.

आता मार्कोनी. 1896-97 मध्ये हा तरुण इटालियनही इंग्लंडमध्येच होता. त्याने बिनतारी संदेशाचं पेटंट जून 1896 मध्येच दाखल केलं होतं. मॅक्लुअर्स या मासिकात मार्च 1897 मध्ये दोघांवर एकत्र लेख आला. त्यात बोस यांची भूमिका स्वच्छ दिसते. बिनतारी संदेशाच्या धंद्यात त्यांना रस नव्हता, इतरांनी आपलं काम खुशाल वापरावं. आणि तांत्रिक बाजूही बघायला हवी. मिलिमीटर लहरी लांब जात नाहीत, भिंतींत आणि हवेत विरतात. समुद्र ओलांडायला मार्कोनीने खूप लांब लहरी वापरल्या. तेव्हा बोस यांच्या पेटीने अटलांटिकपलीकडे संदेश गेला असता, असं म्हणणं चूक.

मग चोरीचा आरोप येतो कुठून? तर तो लहर पकडणाऱ्या यंत्राचा आहे. एप्रिल 1899 मध्ये रॉयल सोसायटीत बोस यांनी लोखंड आणि पारा वापरून टिचकी न मारता आपोआप पूर्ववत होणाऱ्या शोधकाबद्दल सांगितलं. डिसेंबर 1901 मध्ये मार्कोनीने अटलांटिकपलीकडचा संदेश ऐकला तो पारा वापरलेल्याच एका शोधकाने, जो इटालियन नौदलाचा म्हणून ओळखला जात होता. 1998 मध्ये प्रबीर बंद्योपाध्याय या अभ्यासकाने जुनी कागदपत्रं चाळून मांडणी केली की त्याचं मूळ बोस यांच्या निबंधात आहे. यावर वाद आहे. पण श्रेय द्यायला पाहिजे होतं आणि ते मिळालं नाही, इतकं म्हणायला मला अडचण वाटत नाही.

दमणारे धातू आणि लाजणारी झाडं

आता त्या 10 मे 1901 च्या भाषणाकडे परत. तोवर बोस यांचं लक्ष भलतीकडेच वळलं होतं. त्यांच्या लक्षात आलं की शोधक यंत्र सतत वापरलं की मंदावतं आणि विश्रांती दिली की पुन्हा ताजंतवानं होतं. अगदी दमलेल्या स्नायूसारखं. मग त्यांनी कथलाच्या तारेला धक्के देऊन तिच्या विजेच्या प्रतिसादाचे आलेख काढले आणि शेजारी स्नायूंचे व झाडांचे आलेख ठेवले. तारेला ऑक्झॅलिक आम्लासारखं विष दिलं की प्रतिसाद बंद. रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हे सगळं त्यांनी दाखवलं.

पुढच्याच महिन्यात रॉयल सोसायटीत मात्र बर्डन-सँडरसन आणि वॉलर हे शरीरशास्त्रज्ञ आडवे आले. भौतिकशास्त्रज्ञाने आपल्या हद्दीत राहावं, असा एकंदर सूर. निबंध छापला गेला नाही. बोस खचले असते तर नवल नव्हतं. पैशाचीही ओढाताण होती. टागोरांनी त्रिपुराच्या महाराजांकडून त्यांच्यासाठी मदत मिळवली. 1902 मध्ये बोस यांनी सगळं पुस्तकरूपात आणलं.

आणि पेटंटचं काय झालं? भगिनी निवेदिता आणि अमेरिकन मैत्रीण सारा बुल यांना हा हट्ट पटत नव्हता. त्यांनी मागे लागून बोस यांना तयार केलं. 30 सप्टेंबर 1901 ला अमेरिकेत अर्ज गेला आणि 29 मार्च 1904 ला पेटंट मिळालं. क्रमांक 755840. अर्धा हिस्सा सारा बुल यांच्या नावे. वस्तू कोणती, तर गॅलेना या शिशाच्या खनिजाच्या स्फटिकाने लहर पकडणारा शोधक. आज आपण ज्याला सेमीकंडक्टर म्हणतो, त्या प्रकारच्या उपकरणाचं हे अगदी सुरुवातीचं पेटंट. ट्रान्झिस्टरच्या जनकांपैकी एक असलेले वॉल्टर ब्रॅटन यांनी 1955 मध्ये सहकाऱ्यासोबत लिहिलेल्या इतिहासात रेडिओ लहरी स्फटिकाने पकडण्याचं पहिलं श्रेय बोस यांना दिलं. बोस यांनी त्या पेटंटवर एक पैसा कमावला नाही. मुदत संपू दिली.

इथं मला खरं तर निवेदितांची बाजू पटते. पगारासाठी तीन वर्षं लढणाऱ्या माणसाने पेटंटचे पैसे लॅबमध्ये घातले असते तर काय बिघडलं असतं? पण पगाराचा प्रश्न त्यांच्यासाठी समान वागणुकीचा होता आणि पेटंटचा प्रश्न ज्ञान कोणाच्या मालकीचं याचा. त्यांच्या डोक्यात या दोन गोष्टी वेगळ्या होत्या.

यानंतरची वर्षं झाडांची. झाडाची वाढ डोळ्याला दिसत नाही, म्हणून क्रेस्कोग्राफ बनवला. तरफांच्या जोडणीने ही वाढ 10,000 पट मोठी करून काजळी धरलेल्या काचेवर तिची रेघ उमटते. हेही कलकत्त्यातल्या कारागिरांच्या हातचं काम. 1914 मध्ये ते युरोपात भाषणांना निघाले तेव्हा सामानात चक्क लाजाळूची जिवंत रोपं होती. लंडनच्या थंडीत ती जगवणं हीच एक परीक्षा. मेडा व्हेलमधल्या घरात त्यांनी तात्पुरती लॅब मांडली आणि मे महिन्यात रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये झाडांना बोलतं केलं.

त्यांचं झाडांबाबतचं सगळंच काही टिकलं नाही. मुळांपासून शेंड्यापर्यंत पाणी कसं चढतं याबद्दलची त्यांची कल्पना मागे पडली. पण झाडांत विजेचे संकेत धावतात, हे आज कोणी नाकारत नाही.

वॉलर यांनी मात्र पाठ सोडली नव्हती. 1920 मध्ये क्रेस्कोग्राफवर शंका घेतली गेली. बोस यांनी पुन्हा तेच केलं. यंत्र मांडलं आणि तज्ज्ञांना समोर बसवलं. मे 1920 मध्ये द टाइम्समध्ये रॅले (बोस यांच्या गुरूंचे चिरंजीव), बेलिस अशा शास्त्रज्ञांच्या सह्यांचं पत्र आलं की यंत्र झाडाची वाढ बरोबर दाखवतं. त्याच वर्षी ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. त्यांचं चरित्रही 1920 चंच. ते लिहिणारे पॅट्रिक गेडिस तेव्हा आपल्या मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवत होते.

त्याआधी 30 नोव्हेंबर 1917 ला, 59 व्या वाढदिवशी, बोस यांनी कलकत्त्यात स्वतःची संस्था उघडली. आयुष्यभराची कमाई त्यात घातली. तिथं मोठं व्याख्यानगृह होतंच. आणि उद्घाटनाच्या दिवशीच त्यांनी जाहीर केलं की इथल्या शोधांवर पेटंट घेतलं जाणार नाही, ते सगळ्यांचे असतील.

23 नोव्हेंबर 1937 ला गिरिडीहला बोस गेले. एकोणऐंशीव्या वाढदिवसाला आठवडा बाकी होता. प्रेसिडेन्सीत त्यांच्या हाताखाली शिकलेले सत्येंद्रनाथ बोस आणि मेघनाद साहा तोवर जगभर गाजले होते.

बोस यांच्या मिलिमीटर लहरींची आठवण जगाला पुन्हा झाली ती पुढे बऱ्याच काळाने. 1990 च्या दशकात अमेरिकेतल्या राष्ट्रीय रेडिओ खगोलशास्त्र वेधशाळेच्या 12 मीटर दुर्बिणीसाठी नवा रिसीव्हर बनत होता. तिथले शास्त्रज्ञ डी. टी. इमरसन यांनी बोस यांच्या जुन्या निबंधांचा अभ्यास केला आणि लिहिलं की त्यातल्या काही कल्पना या नव्या रिसीव्हरमध्ये वापरल्या आहेत. 2012 मध्ये विद्युत अभियंत्यांच्या आयईईई या जागतिक संस्थेने प्रेसिडेन्सी कॉलेजातल्या त्या प्रयोगांना मैलाचा दगड म्हणून मान्यता दिली.

त्यांची यंत्रं आजही कोलकात्यात बोस इन्स्टिट्यूटच्या संग्रहालयात आहेत. कधी तिकडे गेलात तर तागाचं जुडगं नक्की शोधा.